सावकाश चढलेली भिंत

“स्वल्प थांबा, मेस्त्री. वाकू नका.” असं म्हणत आमचे सर स्वतःच वीट उचलून गवंड्याच्या हातात द्यायचे. स्वल्प म्हणजे थोडं. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांत असंच बोलतात, हे सांगलीहून आलेल्या मला त्यांच्यामुळेच कळलं.

म्हैसूरबाहेर येलवालजवळ घरांची मोठी वसाहत उभी राहत होती. गवंड्याच्या हातून दिवसभरात किती वीटकाम होतं ते मोजायचं आणि वाढवायचं, ही सरांची जबाबदारी. मी त्यांच्या हाताखाली. त्यांच्या हातातल्या घड्याळाला गवंडी बिचकत. मग सर ते खिशात टाकत आणि घरच्यांची चौकशी करत.

तुम्ही कधी वीटकाम बघत उभे राहिला असाल, तर लक्षात आलं असेल. गवंडी बांधतो त्याहून जास्त वाकतो. विटेसाठी वाकतो, गाऱ्यासाठी वाकतो. सरांनी सुताराकडून उंच लाकडी घोडे करून घेतले आणि विटा, घमेली त्यांवर ठेवायला लावली. पहिल्या दिवशी हौसेनं स्वतः थोडी भिंत बांधली. ती इतकी वाकडी झाली की गवंड्यांनी हसतहसत पाडली. “घरीसुद्धा बायको मला कशाला हात लावू देत नाही,” सर म्हणाले.

भिंती भराभर चढू लागल्या. सरांना कौतुक मात्र वेगळंच. संध्याकाळी सगळ्यांत म्हातारा गवंडी घरी निघाला की मला हाक मारत. “बघा, कसा ताठ चालतोय.”

मग कचेरीतून निरोप आला. काम लवकर होतंय, तर निम्मे गवंडी कमी करा. सर जाऊन भांडले. “त्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून केलं हो मी,” परत आल्यावर एवढंच म्हणाले. एकेकाला बाजूला नेऊन काम गेल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यात तो म्हाताराही होता.

पुढे एकदा तो आम्हाला शहरात, नजरबाद भागात भेटला. सरांनी विचारलं, “पाठ कशी आहे, मेस्त्री?”

“बरी आहे, सार. आता दुखत नाही. घरीच असतो ना.”

त्यात टोमणा नव्हता.

सरांनी नोकरी सोडली. ओळखीच्या बांधकामांवर फिरून काम गेलेल्या बाकीच्या गवंड्यांना कामं मिळवून दिली. म्हाताऱ्याला कुणी घेईना, तेव्हा आपल्याच घराची चांगली असलेली कुंपणभिंत पाडून नवी बांधायला त्याला बोलावलं. रोज खुर्ची टाकून समोर बसत. “सावकाश होऊ दे,” म्हणत.

भिंत अर्धी झाली आणि एका सकाळी सर झोपेतच गेले.

तेराव्यानंतर मी गेलो, तेव्हा म्हातारा कामावर होता. सरांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. “राहू दे म्हटलं, तर ऐकत नाही. रोज येतो,” त्या म्हणाल्या.

एक थर झाला की तो थापी खाली ठेवायचा आणि अंगणातल्या सरांच्या खुर्चीच्या मोकळ्या जागेकडे बघत बसून राहायचा. मग पुढची वीट घ्यायचा.