देवीपुढचे हॅलोजन

लाजवंतीअम्मा. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये त्यांचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे, यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही माहीत नाही. मधूदादा आज जिवंत आहे तो त्यांच्यामुळे, म्हणून त्यांचं नाव आधी लिहितो.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली. मधूदादाने मला अंबरनाथला आणलं, स्वतःच्या खोलीवर ठेवलं, हातात लोखंड कापायचा ग्राइंडर दिला. घर लांब, इथे आईबाप काय तो तोच. नवरात्रात आम्ही बदलापूर गावात मंडळाची लोखंडी कमान उभी करत होतो. घट बसले होते. गावची लाइट दुपारीच गेलेली, म्हणून देवीपुढचे दोन मोठे हॅलोजन आमच्याच जनरेटरवर लावले होते. दिवेलागणीला जोराचा वारा सुटला आणि अर्धी कमान मधूदादावर आली. कमानीचा लोखंडी अँगल मांडीत रुतला. माणसं उचलायला गेली की वरचं लोखंड आणखी खाली सरकायचं. कापल्याशिवाय सुटका नव्हती.

ग्राइंडर सुरू केला तर तो नुसता कण्हत होता. चकती लोखंडाला टेकली की थांबायची. चकती बदलली, जनरेटरचं पेट्रोल बघितलं, काही फरक नाही. "येड्या, घाई कर, पाय आहे माझा, बांबू नाही," मधूदादा म्हणाला. मग तो बोलायचाच थांबला. माझ्या तोंडाने देवीचा धावा चालू होता. हॅलोजन मिणमिणत होते, ते सगळ्यांना दिसत होतं. पण ते देवीचे दिवे. त्यांचाही बोजा जनरेटरवर पडतोय, हे कुणाच्या मनातच येईना.

दर्शनाला आलेल्या एक म्हाताऱ्या सिंधी बाई पुढे आल्या. "पुट, बेटा, या बत्त्या पण इसी पे ना? कॅम्प तीनला जीन्सचा कारखाना आहे माझा, तिथे लाइट गेली, जनरेटरवर इस्त्री लावली, की मशिनी अशाच रडतात. निकाल पिन."

मंडळाचे काका आडवे आले. "अहो अम्मा, घट बसलेत! देवीपुढं अंधार करायचा?"

"अंधेरे में माँ को दिखता नहीं क्या?" म्हणत त्यांनी स्वतःच पिन ओढली. "और वो ग्राइंडरच्या वायरची गुंडाळी सोड सगळी. किती तापलीय बघ."

अंधार झाला. घटापाशी अखंड दिवा तेवढा तेवत होता. मी वायर उलगडली, बटण दाबलं आणि ग्राइंडरचा आवाजच बदलला. ठिणग्यांच्या उजेडात देवीचा मुखवटा दिसत होता, खाली मधूदादाचा पांढरा पडलेला चेहरा. अँगल तुटला तसं रक्त सुटलं. देवीला आणलेली चुनरी अम्मांनी त्याच्या मांडीवर आवळून बांधली. दवाखान्यात न्यायला आलेला रिक्षावाला भाडं घेईना, तेव्हा "लाजवंती अम्मा का आशीर्वाद समझ के रख ले," म्हणत त्यांनी नोट त्याच्या खिशात कोंबली. नाव कळलं ते असं.

मधूदादाचा पाय गेला. तो रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतो. त्या संध्याकाळी देवीच आली होती का, हे मला सांगता येणार नाही. एवढं खरं, की आम्ही तिचा उजेड सांभाळत बसलो होतो आणि ती अंधारातही आम्हाला बघत होती. मी मुळात भित्रा माणूस. आता छातीत धडधडलं की तो अखंड दिवा डोळ्यांपुढे आणतो आणि बाकीचं तिच्यावर सोडतो.

कॅम्प तीनच्या गल्ल्यांत दोनदा फिरलो, अम्मा सापडल्या नाहीत. सापडतील. त्या दिवशी त्यांच्या कारखान्याचं शटर, जाळी, जिना, जे काही मोडकं असेल ते माझ्या हाताने दुरुस्त करून देईन, आणि सोबत मधूदादाला घेऊन जाईन.