मडमेची टंबाटी

काकतीच्या यल्लाप्पानं बेळगावच्या कॅम्पात बारा वर्षं साहेबलोकांच्या बागा राखल्या होत्या. टंबाटीचं रोप पावसाळा सरताना लावायचं आणि फळ थंडीत उतरवायचं, हे त्याला पक्कं ठाऊक. पण १९३१ साली बंगल्यात नवी मडम आली, ती विलायती बियांची पाकिटं घेऊनच. त्यांवर छापलं होतं : मार्चमध्ये पेरा, भरपूर ऊन द्या.

"मडम, त्ये तुमच्याकडचं ऊन. हितलं लई कडक."

मडमेनं पाकिटावर बोट आपटलं. "छापा है, माली! जून में पार्टी. टमाटर नहीं, तो दूसरा माली."

रोपं तरारून आली, पिवळ्या फुलांनी भरली आणि झळा लागताच फुलं देठासकट गळू लागली. यल्लाप्पा दोन्ही वेळ पाणी घालून थकला. तरी रोज सकाळी वाफ्यात पिवळा सडा. तो झाडताना त्याच्या तोंडून शिव्याच यायच्या. मडमेला, पाकिटाला, उन्हाला.

"नुसतं करवादून काय हुतंय?" बायको मालुबाई म्हणाली. "नोकरी गेली की ही बंगल्यामागची खोलीबी गेली. मडम दुपारची झोपती न्हवं? तवर गोणपाट घाला की वर."

तिनं गोणपाटं जोडून शिवून दिली. बाराला सावली घालायची, चारला मडम उठायच्या आत काढून दडवायची. महिनाभर असं चाललं. फुलं टिकली, फळं धरली, आणि पार्टीला दोन टोपल्या लालभडक टंबाटी गेली.

"देखा? धूप!" मडम खूश. "अगले साल डबल."

यल्लाप्पाला राहवेना. त्यानं गोणपाटं तिच्यापुढं आणून टाकली, सगळं सांगितलं. मडम हसली. "माली अच्छा, लेकिन झूठ बहुत," म्हणाली आणि पाकीट पुन्हा त्याच्या नाकासमोर धरलं.

खोलीवर येऊन तो भिंतीला टेकून बसला.

"नोकरी ऱ्हायली की! आता तोंड का पाडलंय?"

"बारा वर्सं झाडं राखली गं. आनि वाचाय येत न्हाय म्हणून मी खोटा?"

"मग पुढच्या साली घालूच नगा गोणपाट. कळू दे तिला."

यल्लाप्पा एकदम उसळला. "व्हय, आनि फुलं गळू देऊ? झाडांनी काय क्येलंय?"