फुकटचं प्रमाणपत्र

तासगावात माझं कॉम्प्युटरचं दुकान आणि शेजारी चाचांचं बेदाण्याचं. चाचांचा हट्ट असा की खोक्याच्या तळापर्यंत स्वतःचा हात घातल्याशिवाय ते खोकं बंद करू देत नाहीत. आजवर त्यांचं एकही खोकं परत आलेलं नाही, आणि नव्या माणसाला चहाच्या आधी हे ऐकावं लागतं.

त्यांची वेबसाइट मीच केली. तिला सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. ते नसलं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर 'ही साइट सुरक्षित नाही' असं झळकतं. फुकट मिळणारं घेऊ म्हटल्यावर चाचांनी नाक मुरडलं. फुकट देणाऱ्याचा काहीतरी डाव असणारच, असं त्यांचं म्हणणं. विकतचं घेतलं तरी गिऱ्हाइकाची माहिती तेवढीच सुरक्षित राहते आणि मोठमोठे लोकही हेच वापरतात, हे पटवताना माझा घसा सुकला. फक्त ते तीन महिन्यांच्या आत नवं करावं लागतं आणि ते काम मशीन आपोआप करतं, असं मी सांगितलं आणि तिथं चाचा अडले.

"न बघता? त्ये चालायचं न्हाई. दर खेपेला माझ्यासमोर कर."

खरं तर मी हे ऐकायला नको होतं. पण दर खेपेला चाचा चष्मा पुसत दुकानात यायचे, पडद्यावरची नवी तारीख बोट ठेवून वाचायचे आणि जाताना खिशातला मूठभर बेदाणा टेबलावर ठेवायचे. मला त्या भेटींचा लळा लागला होता. मशीनचं ते आपोआप करणं मी बंदच ठेवलं.

यंदा ईदच्या तोंडावर शिरखुर्म्यासाठी मागणी वाढली. चाचा बेदाण्याच्या शेडवर अडकले, मी भाच्याच्या लग्नाला मेढ्यात. तारीख दोघांच्याही डोक्यातून गेली. परत आलो तर चाचा माझ्या पायरीवर बसलेले. साताऱ्याच्या जुन्या गिऱ्हाइकानं मोबाइलवर 'ही साइट सुरक्षित नाही' बघून फोन करून विचारलं होतं, तुमच्याकडं फसवाफसवी कधीपासून सुरू झाली?

चाचांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी मला विचारलं, "फुकटचं हाय म्हणून झालं का रं?"

हो म्हटलं असतं तर सहज सुटलो असतो. त्यांना पटलंही असतं.

"न्हाई चाचा. मी इसरलो."

मी आत जाऊन पाच मिनिटांत नवं प्रमाणपत्र घेतलं. चाचा माझ्यामागून आत आले, पण तारीख बघायला वाकले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी साताऱ्याला फोन लावला.

"माल हाय तसाच हाय. घरातलं पोरगं हाय आमचं, तारीख इसरलं. बिनघोर ऱ्हावा."

मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. चाचांना माझे डोळे दिसू नयेत म्हणून बराच वेळ पडद्याकडेच बघत बसलो.