दुधनीचा गठ्ठा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वाचून झाल्यावर मला खुशाल वेड्यात काढा... पण आधी ऐका तर!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात मी माल पाठवायचं काम बघायचो. नियम एकच — ज्याची ऑर्डर आधी, त्याचा माल आधी. पहिल्या गिऱ्हाइकाचा गठ्ठा गोडाऊनच्या दाराशी, शेवटच्याचा पार मागच्या भिंतीला.

त्या खेपेला शेवटचा नंबर दुधनी गावच्या एका व्यापाऱ्याचा होता. आणि नेमकी त्यांच्याच मुलीशी माझी सोयरीक ठरलेली! "नोकरी हाय म्हणून पोरगी देतोय," हे त्यांनी बैठकीतच बजावलेलं.

दुपारी जेवून आलो, कुलूप काढलं — दुधनीचा गठ्ठा दाराशी! मी हमाल रसूलचाचांवर ओरडलो. ते भडकलेच, "मैं हात बी नै लगाया! चाबी तुमारे पास, और चोर मैं?"

खरंच की. चावी माझ्याच खिशात होती. गुपचूप गठ्ठा मागं नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच... आणि नेमके मालक माझ्या मागं उभे.

"अजून अक्षता पडल्या न्हाईत, तवर सासऱ्याचा माल पुढं? लई शाना झालास की रे!"

"मालक, आईशप्पथ —"

"शपथा नगंत. उद्या मी सोता बसतो आत. गठ्ठा हलला न्हाय, म्हंजे रोज तूच हलवत हुतास. मग बस घरी!"

झालं! आता गठ्ठा हलला तरच माझी नोकरी, आणि नोकरी तरच बायको. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मालक आतून कडी लावून, मागच्या भिंतीशी, त्या गठ्ठ्यावर मांडी ठोकून बसले. टांग्यात ते एकटेच मावायचे, असा देह. बाहेर मी भाकरी बाजूला ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी भुताला हात जोडले — असशील तर हल रे बाबा!

सुट्टी संपल्यावर दार वाजवलं. आतलं घोरणं थांबलं, कडी निघाली. मालक गठ्ठ्यावर मांडी घालून तसेच बसलेले... बसल्या जागेवरून हात लांबवून त्यांनी कडी काढली होती! बाकीचे गठ्ठे एकेक जागा मागं. मालकांनी मागच्या भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बघतोस काय?" शेवटी म्हणाले. "ह्योच भर आधी गाडीत."

नोकरी राहिली, लग्नही झालं. पण हा काय प्रकार होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. अक्षता टाकायला आलेल्या मालकांना मी हळूच विचारलं होतं.

"डोळा लागला हुता रे," ते इकडं-तिकडं बघत म्हणाले. "कुनीतरी म्हनलं, मालक, जरा पुढं सरका की. मी सरकलो."

"कोण म्हणालं?"

"आता झोपेत नाव इचारत बसतंय व्हय कोन!"