‘येते’ म्हणाली म्हणून

आमच्या कामात किस्से इतके साठतात की पोटात मावत नाहीत, आणि त्यातला एकही हसत सांगता येत नाही! मी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या हेन्डरसन भागात, एका वकीलबाईंच्या ऑफिसात आहे. मराठी अशील आलं की बोलायला मीच. तर ही वैशाली. नाव बदललंय.

परजातीत लग्न केलं म्हणून तिच्या सख्ख्या भावांनी नवऱ्याला कोयत्याने मारलं. ही कशीबशी ऑकलंडला पोचली, इमिग्रेशनकडे आसरा मागितला. पहिल्याच मुलाखतीनंतर नकार! तो तिला मराठीत वाचून दाखवायचं माझ्या नशिबी आलं.

*

मुलाखतीत ती म्हणालेली, “शेजारच्या दादांनी एअरपोर्टला सोडलं.” दुभाष्यानं इंग्लिशमध्ये केलं, भावाने सोडलं. लगेच निकालात, ज्या भावाची भीती, तोच सोडायला कसा येतो?

अहो, आम्ही रिक्षावाल्यालाही दादा म्हणतो! तो काय आमच्या आईच्या पोटचा?

*

“पुण्यात जाऊन का राहिली नाहीस?”

“धाकटा भाऊ तिथेच कॅब चालवतो.”

निकालात काय यावं? ‘अर्जदाराला पुण्यात नातेवाइकांचा आधार आहे.’

आधार! डोंबलाचा आधार!

*

ट्रायब्युनलकडे अपील केलं, तोवर गणपती आले. मी वैशालीला आरतीला घेऊन गेले. तिथे आपले एक आयटीवाले साहेब मला बाजूला घेऊन म्हणतात, “कशाला या भानगडीत पडता? आपल्याकडे आता जातपात मानतं कोण?”

मग दुसरा मोदक उचलत हळूच, “बाय द वे, नवरा कुठल्या जातीचा होता?”

मी त्यांच्या हातातली प्लेट काढून घेतली. सरळ.

*

पण नकाराचं मुख्य कारण वेगळंच होतं. “निघताना आईला काय म्हणालीस?” असं विचारलं होतं. ही म्हणाली, “येते म्हणाले.” त्याचं झालं, ‘मी परत येईन.’ म्हणजे परतायचा इरादा होता, म्हणजे जिवाची भीती खोटी!

हा निकाल वाचून दाखवताना माझा आवाज इतका चढला की वैशालीच मला समजावायला लागली. “ताई, पण दुसरं काय म्हणतात हो निघताना?”

*

सुनावणीला ट्रायब्युनलचे दुभाषी म्हणून एक पिकल्या केसांचे मराठी काका होते. वकीलबाईंनी सगळं मांडलं. मराठी माणूस दारातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, अशुभ असतं. कायमचं जाणारंच ‘जातं’.

निकाल देणाऱ्या ट्रायब्युनलच्या मेंबरबाईंनी वैशालीलाच विचारलं, “खरंच कधीच नाही म्हणत?”

“मी ‘जाते’ म्हणाले असते तर आईने मला उंबरा ओलांडू दिला नसता.”

काकांनी शब्दन् शब्द सांगितला. मेंबरबाईंनी लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “निकाल कळवू. तुम्ही निघू शकता.”

वैशाली उठली. हात जोडले. सवयीने “ये...” म्हणाली आणि एकदम गप्प झाली. घाबरून माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे.

“जाते,” म्हणाली.

मेंबरबाईंनी पेन उचलून काकांना विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”