बाबांना लागलेली डुलकी

चिमणीचं नर्सिंगचं कॉलेज संपलं आणि घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करायची नोकरी लागली. गाडी हवीच होती. पण नवी की वापरलेली, यावर घरात रोज खल चाले. आई म्हणे, "दुसऱ्याची दुखणी कशाला विकत घेतेस?"

बाबा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. शोरूममधल्या कोऱ्या गाडीत ते पाहुण्यासारखे अंग चोरून बसले. मग बापलेक एका शिक्षिकाबाईंची जुनी निळी गाडी बघायला गेले. बाई मागे बसल्या, चिमणीने गाडी नदीकाठच्या रस्त्याला घेतली. इंजिन संथ गुणगुणत होतं, झाडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या.

"आवाज कसा वाटतो, बाबा?"

तिने शेजारी पाहिलं. बाबांना गाढ झोप लागली होती. रात्र रात्र जागून लोकांना झोपेत गावी पोचवणारा हा माणूस चालत्या गाडीत झोपलेला तिने पहिल्यांदाच पाहिला. तिला पुलावरून परत वळायचं होतं, पण मागून बाई हळूच म्हणाल्या, "जाऊ दे पुढे. मला घाई नाही."

सावल्या सरकत राहिल्या. बाबा जागे झाले तेव्हा गाव कधीच मागे पडलं होतं.

"हीच घ्यायची, बाबा," चिमणी म्हणाली.

बाबा ओशाळले. "अगं, पण मी इंजिन नीट ऐकलंच नाही!"