घड्याळांची किनार

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला ती काम करते त्या फोटो स्टुडिओत सगळे नक्षीताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. वयानं ती माझ्या मुलीएवढी. नवरा कधीच सोडून गेला. घरी ती आणि तिची आई, आणि आईला आता काही म्हणजे काही आठवत नाही. सकाळी आईचं सगळं आवरायचं, शेजारणीला किल्ली द्यायची, दिवसभर स्टुडिओ आणि संध्याकाळी पुन्हा आई. "काकू, मला दोन नोकऱ्या आहेत," ती म्हणते, "आणि सुट्टी एकीलाही नाही."

स्टुडिओत ती अल्बमची पानं करते. हल्ली फोटो डिंकानं चिकटवत नाहीत. कॉम्प्युटरवर पान मांडायचं आणि छापखान्याला पाठवायचं, तिथून बांधलेलं पुस्तकच येतं. पानाभोवतीची किनार मात्र नक्षीताई स्वतः करायची. कॉम्प्युटरात काही फॉन्ट असे असतात की बटण दाबलं तर अक्षराऐवजी चित्र उमटतं. 'एम'वर झाडाचं पान, 'के'वर कळी, आणखी कुठल्या बटणावर वळलेला देठ. पान, पान, कळी, असं ती टाइप करत जायची. मग मधली जागा कमी करत आणायची, देठाला देठ टेकेपर्यंत. तीच ओळ फिरवून उभी लावायची. खरी कसोटी कोपऱ्यात. तिथे दोन ओळी एकमेकींच्या अंगावर येतात, मग एखादी कळी गाळायची, एखादं पान उलटं करायचं. "ब्लाउजला गळा तसा किनारीला कोपरा," ती म्हणायची. "तिथे बिघडलं की सगळं बिघडलं."

माझ्या नणंदेच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. तिच्या अल्बमचं काम मीच नक्षीताईकडे नेलं. वन्संचे यजमान, आमचे भावोजी, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले. हे ऐकल्यावर नक्षीताईनं एक फॉन्ट शोधून काढला, त्यात नुसत्या लहान लहान तबकड्या होत्या. एकीत एक वाजलेला, दुसरीत दोन, तिसरीत तीन. वन्संच्या पानांना वेल आणि भावोजींच्या पानाला घड्याळं, असं तिनं ठरवलं.

पण तेव्हाच मालकांचे जावई स्टुडिओत लक्ष घालू लागले होते. ते तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "नक्षीताई, तयार चौकटी हजारांनी मिळतात. एक क्लिक केलं की झालं. तुम्ही एका पानाला अख्खी दुपार घालवता."

"एकाची चौकट दुसऱ्याला कशी शोभेल?"

"अहो, लोक चेहरे बघतात. किनार कोण बघतंय?"

मालक दोघांच्या मध्ये सापडले. शेवटी त्यांनी तोडगा काढला. हा अल्बम वेळेत आणि बिनचूक गेला, तर नक्षीताईनं पुढेही तिच्या पद्धतीनं काम करावं. नाही तर जावई म्हणतील तसं. नक्षीताईनं नुसती मान डोलावली. तिला त्या किनारी सोडायच्या नव्हत्या. दिवसभरात तेवढंच एक काम ती स्वतःच्या मनासारखं करत होती.

वन्संनी मात्र तिला जीव नकोसा केला. रोज एक फोन. "माझ्या जावेचा फोटो एवढा मोठा कशाला? तिनं काय केलं माझ्या लग्नात? जेवली आणि गेली." फोटो लहान झाला की किनार पुन्हा मांडायची. दुसऱ्या दिवशी वन्संना जावेची दया यायची आणि फोटो पुन्हा मोठा व्हायचा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. तो चित्रांचा फॉन्ट छापखान्याच्या कॉम्प्युटरवर नसेल, तर तिथे चित्रं दिसत नाहीत, खालची अक्षरं उघडी पडतात, नाही तर नुसते रिकामे चौकोन येतात. म्हणून पाठवण्याआधी नक्षीताई प्रत्येक किनार "पक्की" करायची, म्हणजे तिचं कायमचं चित्र करून टाकायची. एकदा पक्की झाली की त्यात कळीही हलवता येत नाही. वन्संचा लहरीपणा पाहून तिनं सगळ्या किनारी शेवटपर्यंत कच्च्याच ठेवल्या होत्या.

पाठवायच्या दिवशी शेजारणीचा फोन आला. आई गाऊनवर रस्त्यात उभी होती आणि शाळेला उशीर होतोय म्हणून रडत होती. नक्षीताईनं पानं पाठवली, पर्स उचलली आणि धावत सुटली.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी ते घ्यायला गेले होते. मालकांनी पहिलं पान उघडलं. तरण्याताठ्या वन्सं आणि भावोजी, आणि त्यांच्याभोवती चारी बाजूंनी एम एम के, एम एम के. घड्याळांच्या पानावर तर काही अक्षरं आणि बाकी रिकामे चौकोन.

"वा!" जावई म्हणाले. "टायपिंगची परीक्षा दिलीत वाटतं?"

नक्षीताईनं पुस्तक स्वतःकडे ओढलं. "पक्की करायची राहिली," एवढंच म्हणाली. आईचं नावही काढलं नाही. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

दुरुस्तीला वेळ लागला नाही. किनारी पक्क्या करून तिनं पानं पुन्हा पाठवली. मालक तिच्या टेबलाशी येऊन चष्मा पुसत म्हणाले, "चूक कोणाचीही होते गं. पण आता मला जावयांपुढे तोंड उघडता येत नाही."

"कळतं मला," ती म्हणाली.

नवं पुस्तक वेळेवर आलं. वन्संच्या घरी माणसं जमली, अल्बम हातोहात फिरला. "ही कोण?" "अरे, तेव्हा तुला केस होते!" असं चाललं होतं. किनारीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी आग्रहानं आणलेली नक्षीताई दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी अल्बम भावोजींकडे गेला. त्यांनी सवयीनं डोळ्याला भिंग लावलं आणि स्वतःचा फोटो सोडून पानाच्या कडेकडेनं निघाले.

"हे कोणी केलं?"

"मी," नक्षीताई उठली.

"चारनंतर एकदम सहा?"

"पाच बसत नव्हता. कोपरा होता."

"मग सगळ्याच तबकड्या जराशा लहान करायच्या."

"काटे दिसले नसते."

भावोजींनी भिंग पुन्हा कोपऱ्यावर नेलं. "हं. तेही खरं." मग त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि दोघं त्या कोपऱ्यात डोकं घालून बसली. वन्सं जेवायला हाका मारून दमल्या.

परतताना नक्षीताई हसत होती. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी किनार नीट पाहिली, काकू. आणि पाहिली ती चूक काढायला."

"मग सांग ना मालकांना. लोक बघतात म्हणावं."

"लोक कुठे? एक आजोबा, तेही भिंग लावून." तिनं रिक्षाच्या दांड्याला डोकं टेकलं. "आणि मला आता कोणाशी भांडायचं नाही. आधीच दोन नोकऱ्या आहेत."

परवा मी पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुडिओत गेले होते. नक्षीताईपुढे एक तयार सोनेरी चौकट उघडी होती. फोटो आत टाकायचा की पुढचं पान.

"तुझे फॉन्ट काढून टाकले का?"

"आहेत की. मी उघडत नाही."

"आठवण येते?"

"हाताला येते," ती म्हणाली. "मला झोप येते."

पुढचा फोटो एका तान्ह्या बाळाचा होता. चौकटीचा एक कोपरा बरोबर त्याच्या कानावर आला. तिनं फोटो जरा डावीकडे सरकवला, तरी कान झाकलेलाच राहिला. मग तिनं पान तसंच ठेवलं आणि पुढचं घेतलं.